लाकडी टीव्ही भंगारात देण्याआधी

आम्ही मावळातल्या एका बचत गटातल्या बायका. पापड, कुरडया, शिवणकाम ही आमची नेहमीची कामं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या पाच जणींनी वेगळंच काम हातात घेतलं. एका जुन्या रंगीत टीव्हीची लाकडी पेटी दुरुस्त केली, तिला पॉलिश केलं. ते कसं केलं आणि का केलं, हे आज तुम्हाला सांगतो.

टीव्ही आमच्याच गटातल्या एका मावशींचा. त्यांचं गाव पवनेच्या काठचं. त्यांनी डेअरीला दूध घालून, हप्ते भरून हा टीव्ही घेतलेला. घरी भिंतीवरचा नवा चपटा टीव्ही आला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे धूड जागा अडवतंय, भंगारात देऊ." मावशी घरात काही बोलल्या नाहीत. गटाच्या बैठकीत मात्र म्हणाल्या, "जमिनीवर माझं नाव नाही, घरावर नाही. हा डबा तेवढा माझ्या पैशाचा." यावर आम्ही काय बोलणार? आम्ही ठरवलं, डबा वाचवायचा.

आता ही वस्तू दुर्मीळ का, तेही ऐका. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता, आणि तो घरात ठेवायला सरकारी परवाना लागायचा. रंग आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या लाकडी पेट्या अजून कुठे कुठे माळ्यावर सापडतात. रंगीत टीव्ही मात्र थोडीच वर्षं लाकडात आले, मग सगळीकडे प्लॅस्टिक झालं. मावशींच्या टीव्हीला पुढे सरकतं लाकडी दार आहे, त्याला कुलूपही आहे. परीक्षा आली की दार बंद आणि किल्ली मावशींच्या कमरेला!

सगळ्यात आधी एक धोक्याची गोष्ट, ती नीट लक्षात ठेवा. टीव्हीचं मागचं झाकण आपण उघडायचं नाही. रंगीत टीव्हीच्या चित्राच्या काचेला वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब लागतो. प्लग काढून ठेवला तरी तो काही काळ आत साठून राहू शकतो. शिवाय त्या काचेच्या आत हवा नसते. मानेला धक्का लागून ती फुटली, तर काचा जोरात उडतात. म्हणून आम्ही जुने टीव्ही जाणणारा मेकॅनिक शोधला. त्याने आतला साठा उतरवला, काच आणि सगळी यंत्रणा बाहेर काढून खोक्यात जपून ठेवली. पेटी रिकामी झाली, मगच आम्ही तिला हात लावला.

पेटीची दशा काय होती? आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. लोणावळ्याच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम सोडतात. टीव्ही ओल्या भिंतीला चिकटून ठेवलेला, त्यामुळे मागून बुरशी. वर वर्षानुवर्षं फुलदाणी, त्यामुळे पाण्याचे पांढरे गोल डाग. खालच्या कडेला लाकडाचा पातळ पापुद्रा सुटलेला. एका पायाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा, म्हणजे कीड.

बाहेरून सागवान दिसतं, पण अशी पेटी बहुधा आतून प्लायवूडची किंवा भुशाच्या फळीची असते. वर सागाचा पापुद्रा चिकटवलेला असतो. तो जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर जाड. म्हणून घासायचं यंत्र अजिबात वापरू नका. यंत्र एकदा फिरलं की पापुद्रा गेला, आणि खालचं प्लाय उघडं पडलं.

पहिलं काम वाळवण्याचं. दिवाळीनंतर आम्ही पेटी पडवीत सावलीला, वारा लागेल अशी तीन आठवडे ठेवली. उन्हात ठेवली तर फळ्या वाकतात. बुरशी आधी कोरड्या ब्रशने घराबाहेर काढली, तोंडाला फडकं बांधून. मग कापड ओलं करून, घट्ट पिळून पुसलं.

दुसरं काम किडीचं. लाकडाच्या किडीचं औषध रंगाच्या दुकानात मिळतं. हातमोजे घालून ते सुईने एकेका भोकात सोडलं आणि पाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. रॉकेल ओतू नका. पुढे याच पेटीत वीज खेळणार आहे.

तिसरं काम सुटलेल्या पापुद्र्याचं. पातळ सुरीने तो जरासा उचलला, आतली धूळ काढली, सुईने फेविकॉल सोडलं. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि तिच्यावर जात्याची तळी, रात्रभर. भोकं आणि खाचा सागाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरल्या. वाळल्यावर पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवला. आधी २२० नंबर, मग ३२०. भाकरी थापताना हाताला जाडी कळते ना, तसंच हे. आमच्यातल्या दोघींचा हात इतका बसला की शेजारचे सुतारकाका बघायला येऊन उभे राहिले.

चौथं काम पॉलिशचं. इथे घाई करू नका. जुनं पॉलिश सरसकट खरवडायचं नसतं. आधी मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. आमचं तेच निघालं. मग स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेलं कापड अलगद फिरवलं, तर पाण्याचे बरेचसे पांढरे डाग गेले. चिकट झालं नाही तर पॉलिश वेगळं असेल. अशा वेळी जाणकाराला विचारूनच पुढे जा.

नव्या पॉलिशसाठी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण शंभर ग्रॅम चपडा लाख, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डबा घेऊ नका, लाख काळी पडते. सकाळी फडक्यातून गाळली. कापसाचा बोळा मलमलच्या कापडात बांधला आणि त्याने पातळ हात दिले. एक वाळला की दुसरा. आम्ही आठ दिवसांत बारा हात दिले. स्पिरिट पेट घेतं, म्हणून चूल, विडी, उदबत्ती सगळं लांब आणि खिडक्या उघड्या. पावसाळ्यात हे काम करू नका. हवेतल्या ओलीने लाख पांढुरकी होते. मावळात दिवाळी ते होळी हेच दिवस खरे.

दाराच्या खाचेत मेणबत्ती घासली, ते पुन्हा सरकू लागलं. मागच्या बाजूचा नंबरांचा कागद आणि पुढची नावाची पट्टी तशीच राहू दिली, कारण टीव्हीची ओळख त्यावरच असते. मागच्या झाकणाची हवेची भोकंही मोकळी ठेवली.

मधे गटात वाद झाला, तोही सांगतो. एक वहिनी म्हणाल्या, "आत फळ्या मारून कपाट करू." दुसरीने देवघर सुचवलं. कल्पना वाईट नव्हत्या. पण आतली यंत्रणा एकदा गेली की ती परत मिळणार नाही. आणि वस्तू कोणाची? आम्ही मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी टीव्ही घेतला होता, टीव्हीच राहू दे." वाद संपला.

मेकॅनिकने काही बाद भाग बदलून यंत्रणा परत बसवली. दूरदर्शनचं जुन्या अँटेनावरचं प्रक्षेपण आता बहुतेक सगळीकडे बंद आहे, म्हणून मधे सेट टॉप बॉक्स जोडावा लागला. चित्र आलं. रंग जरा फिके आहेत, पण आहेत.

तुमच्या घरचा टीव्ही वाचण्यासारखा नसेल, तर तो फोडू नका आणि कोणाला फोडू देऊ नका. रंगीत टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या तर विषारी धूर होतो, आणि अंगणात मुलं खेळत असतात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्या.

मैत्रिणींनो, लाकूड टिकतं का, असं कोणी विचारलं तर त्याला कार्ल्याला न्या. एकवीरा आईचं दर्शन झालं की शेजारच्या लेण्यात जाऊन वर बघा. छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. भाज्यालाही आहेत. पावसाच्या माऱ्यापासून राखलेलं लाकूड असं टिकतं.

आता गटाकडे दोन कामं आली आहेत, एक जुनी पेटी आणि एक रेडिओचं खोकं. सामान फार लागत नाही, वेळ लागतो. तुमच्या गटाला शिकायचं असेल तर आधी घरातल्याच एखाद्या मोडक्या पाटावर हात बसवा. आणि माळा आवरताना एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती कोणी घेतली, कोणाच्या पैशाने घेतली, हे त्या आजीला, सासूबाईंना, मावशीला आधी विचारा. भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येतोच.