टर्बोचा श्वास

टर्बो इंजिनात बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

म्हणून गाडीची ताकद वाढवायची तर टर्बोच्या लगेच पुढची धुराची नळी फार महत्त्वाची. ती रुंद केली की चक्रापुढचा अडसर कमी होतो आणि टर्बो लवकर वेग घेतो. केवळ मागचा सायलेन्सर बदलला, तर बहुतेकदा आवाजच वाढतो.

हवेच्या बाजूला फसगत जास्त. उघडा एअर फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. इंटरकूलर ती थोडी थंड करतो, पण सगळी भरपाई होत नाही. शिवाय इंजिनाचा संगणक ठरलेल्या दाबापलीकडे टर्बोला सहसा जाऊ देत नाही.

एक कळकळीची विनंती: ताकदीसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू तोच कमी घातक करतो.