कल्पनेपासून कथेपर्यंत : तंजावरच्या कुरवंजीचा धडा

कथेची कल्पना सुचणे ही फारशी दुर्मिळ गोष्ट नाही. आगगाडीत कानी पडलेले एखादे वाक्य किंवा बंद घराच्या दाराशी बसलेली एखादी म्हातारी तेवढ्यास पुरते. दुर्मिळ आहे ती कल्पना शेवटास नेण्याची विद्या. नवोदित लेखकाच्या वहीत पहिली दोन पाने उमेदीने भरलेली आणि पुढची कोरी आढळतात, तेव्हा प्रतिभा अपुरी पडली असे मानले जाते. वस्तुतः पुष्कळदा कारण साधे असते. कल्पना कोणाच्या तोंडी घालावी, ती कोणी व कशासाठी ऐकावी आणि अखेरीस तिचे काय व्हावे, हे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारलेलेच नसतात.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास कावेरीकाठचे तंजावर हे मोठे उद्बोधक स्थळ आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी तेथे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक रचले. सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर. तंजावरच्या या नाट्यपरंपरेत पुढे एक विलक्षण प्रयोग झाला. तो म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक.

सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि राजांचे सारे लक्ष विद्येकडे वळले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले आणि छापखाना काढला. इसापाच्या नीतिकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूप १८०६ मध्ये तंजावरातच छापले गेले. या विद्याप्रेमी राजाच्या मनात एक कल्पना होती : पृथ्वीचा नवा भूगोल आपल्या भाषेत सांगावा. पण भूगोल म्हणजे काही नाटक नव्हे. खंड, देश आणि नद्या यांची यादी कितीही अचूक असली, तरी तिच्यासाठी प्रेक्षक आसनावर बसून राहत नाही.

येथे राजांच्या मदतीस आला तो तामिळ देशातील ‘कुरवंजी’ हा नाट्यप्रकार. आपल्याकडे पहाटे पिंगळा भविष्य सांगत येतो, तशी तिकडे डोंगरात राहणाऱ्या कुरव जमातीची स्त्री टोपली घेऊन दारोदार हिंडते आणि हात पाहून भाकीत करते. नाटकाचा साचा ठरलेला असतो. नायिका प्रियकराच्या विरहाने झुरते. कुरवंजी येते, आपल्या डोंगराची व आपण पाहिलेल्या देशांची वर्णने करते आणि मग मनोरथ पुरे होतील असे सांगते. या साच्यात देशवर्णनाची जागा आधीपासूनच होती. सरफोजींनी तीच जागा हेरली. त्यांची कुरवंजी इंद्राणीसमोर साऱ्या पृथ्वीचा भूगोल पदांतून गाते. जिचे आयुष्य भटकण्यात गेले, तिच्या तोंडी देशोदेशीची नावे शोभतात. तीच नावे पंतोजीच्या तोंडी दिली असती, तर नाटकाची शाळा झाली असती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे सापडते. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे : ऐकणारीने का ऐकावे? पारंपरिक कुरवंजीत नायिकेचा जीव एका उत्तरासाठी टांगणीला लागलेला असतो. म्हणून भाकितापूर्वीचे लांबलचक वर्णनही प्रेक्षक उत्कंठेने ऐकतो. माहिती या उत्कंठेला डोईजड झाली, की पात्रे नावापुरती उरतात. अभ्यास करून लिहिणाऱ्या प्रत्येक कथाकारापुढे हा धोका असतो. गिरणीवर कथा लिहिणाऱ्याला गिरणी ठाऊक असलीच पाहिजे. पण वाचकाला गिरणी दिसावी ती पाळी चुकलेल्या कामगाराच्या धास्तीतून.

तिसरा प्रश्न शेवटाचा. अठराव्या शतकातील ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’ या प्रसिद्ध तामिळ कृतीत याचा सुरेख नमुना आहे. भविष्य सांगून झाल्यावर कुरवंजीचा नवरा तिला शोधीत येतो आणि तिच्या अंगावरील एकेक दागिना पाहून बुचकळ्यात पडतो. हे कोठून आले, असे तो विचारतो. आणि ते देशोदेशी भाकीत सांगून मिळालेले नजराणे आहेत, असे ती उत्तर देते. आरंभी केवळ वर्णन वाटलेला प्रवास शेवटी तिच्या अंगावर दागिने होऊन प्रकटतो, आणि नवऱ्याच्या मनातील संशय फिटतो. शेवट बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही. आरंभी जे पेरले, त्यातच तो असतो.

इसापाची कथा तर याहून लहान. न मिळालेल्या वस्तूला माणूस नावे ठेवतो, हा एक विचार झाला. कोल्हा उड्या मारून दमतो आणि द्राक्षे आंबट म्हणत पाठ फिरवतो, ही कथा झाली. दोहोंत अंतर आहे ते त्या फसलेल्या उड्यांचे. नवा लेखक बहुधा विचार लिहितो आणि उड्या गाळतो.

तेव्हा अर्ध्यावर अडलेली कथा फाडून टाकण्यापूर्वी लेखकाने तिला हे तीन प्रश्न विचारावेत. बोलणारा बदलला, तर तीच सामग्री जिवंत होईल काय? ऐकणाऱ्याची निकड पुरेशी आहे काय? पहिल्या पानावरचे काही शेवटच्या पानापर्यंत पोचते आहे काय? यांची उत्तरे एका बैठकीत मिळत नाहीत. दुसरा खर्डा लागतो, तिसराही लागतो. सरफोजींसारख्या राजालाही भूगोल रंगभूमीवर आणण्यासाठी एका भटक्या स्त्रीच्या टोपलीचा आश्रय घ्यावा लागला. आपल्या कल्पनेला अशी टोपली शोधून देणे, हेच कथाकाराचे अर्धेअधिक काम आहे.