पहिला अल्बम, तोच शेवटचा

नाटे बंदरावरून बोलतोय. मागे धडधडतंय ते होडीचं इंजिन आहे, ड्रम नाही.

आजचा अल्बम ‘ऑब्सेशन ७७’, मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चा. स्टोनर रॉक हे नावही नव्हतं, तेव्हाचा. त्यांचा पहिला अल्बम, आणि तोच शेवटचा! यात परक्या बँडची गाणीही आहेत, पण खरी मजा गिटारच्या फझची. फझ म्हणजे काय, तर सिग्नल इतका चढवायचा की लाटेचे शेंडेच छाटले जातात आणि सूर खरखरतो.

२०११मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’नं हा अल्बम पुन्हा काढला. आवाज मुंबईचा, जपला त्यांनी! याचं वाईट वाटतंच, यार.

फोनच्या स्पीकरवर नका ऐकू, बास गायब होतो. इअरफोन लावा. लावलेत? हं, ऐका.