जुन्या लेथयंत्राची पारख



घरांतील पाण्याच्या पंपाचा दांडा झिजला किंवा पंख्याचें बुश ढिलें झालें, म्हणजे तो भाग जवळच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत धाडावा लागतो. दुसऱ्या दिवशीं नवा भाग कांतून तयार मिळतो. ज्या यंत्रावर तो कांतला जातो, तें लेथयंत्र बहुधा नवें नसतें. नव्याची किंमत होतकरू कारागिरास झेपत नाहीं. म्हणून तो वापरलेलें, प्रसंगीं मोडतोड झालेलें यंत्र पाहूं लागतो. कित्येक वर्षांची शिल्लक त्या एका सौद्यांत गुंतावयाची असते. तेव्हां यंत्राचा दोष कोणता व तो कितपत सुधारेल, हें त्यास आधीं ओळखतां आलें पाहिजे.

लेथचें तत्त्व सोपें आहे. चकांत धरलेला धातूचा तुकडा फिरतो. हत्यार धरणारी कॅरेज बिडाच्या लांब बेडवरून सरकते आणि हत्यार त्या तुकड्यावरील थर उतरवीत जातें. फिरणें स्थिर असावें व सरकणें सरळ असावें, या दोन गोष्टींवर सारा अचूकपणा अवलंबून आहे. हेन्री मॉडस्ले यानें १८०० च्या सुमारास लंडन येथें आटे पाडणारा जो लेथ सिद्ध केला, त्याचेंही मर्म हेंच होतें. त्यांत हत्यार माणसाच्या हातानें नव्हे, तर यंत्राच्या सरळ मार्गानें चाले.

समजा, एक यंत्र वाहतुकींत कलंडलें आहे. लेथचें वजन वरच्या अंगास अधिक असल्यामुळें असे अपघात होतात. हँडलें मोडलीं आहेत, एका गिअरचे दोन दांत उडाले आहेत, झांकणास तडा गेला आहे. शेजारींच दुसरें यंत्र नव्या रंगानें चकाकत उभें आहे. पाहणाऱ्याचें मन साहजिकच त्या दुसऱ्याकडे ओढ घेतें, आणि येथेंच फसगत होण्याचा संभव असतो. मोडलेलें हँडल थोड्या खर्चांत होतें. गिअर नवा कापून बसवितां येतो. झांकण पितळेनें झाळून सांधतां येतें. मात्र बीड ठिसूळ असल्यामुळें तें सावकाश तापवावें व तितकेंच सावकाश निवूं द्यावें लागतें. तडा खुद्द बेडला किंवा स्पिंडल धरणाऱ्या हेडस्टॉकास गेला असेल, तर मात्र माघारीं फिरणेंच शहाणपणाचें.

डोळ्यांस न दिसणारा दोष याहून मोठा, आणि तो म्हणजे झीज. बरेचसें काम चकाजवळ चालतें. म्हणून बेड तेथें अधिक झिजतो आणि टेलस्टॉकाकडे जवळजवळ कोराच राहतो. तो ओळखण्यासाठीं कॅरेज चकाजवळ आणून तिला बेडवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या ढिलाई जाईपर्यंत आवळाव्या, आणि मग ती टेलस्टॉकाकडे न्यावी. वाटेंत ती जड होऊन अडकली, तर चकाजवळ बेड झिजला असें समजावें. नंतर चकांत जाड सळई धरून तीस डायल गेज लावावें व ती वर उचलून पाहावी. कांटा बराच हलला, तर स्पिंडलच्या बेअरिंगांत ढिलाई आहे. ही ढिलाई पुष्कळदां आवळून जाते; बेडची झीज आवळून जात नाहीं. त्यासाठीं बेड ग्राइंड करावा लागतो, किंवा निळा रंग लावून उंचवटे शोधीत हातानें खरवडावा लागतो. खरा सपाट पृष्ठभाग घांसून नव्हे, तर खरवडून मिळतो, हें जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं ग्लासगो येथील शास्त्रज्ञांच्या सभेंत प्रतिपादन केलें होतें. तें काम चिकाटीचें आहे, आणि त्याचा खर्च कधीं यंत्राच्या किंमतीहूनही वर जातो.

तथापि बेड गेला असा निकाल देण्यापूर्वीं एक खबरदारी घ्यावी. यंत्र उंचसखल जमिनीवर बसविलें, तर बोल्ट आवळतांना बेडलाच पीळ पडतो. अचूक लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोंकांस पाहावें; बुडबुडा सारखा नसेल, तर पायांखालीं पातळ पत्रे सारून तो सारखा करावा. मग चकांत जाड सळई धरून, टेलस्टॉकाचा आधार न देतां, तिच्यावर १०० मि. मी. अंतरानें दोन कडीं राखावीं व हत्यार न हलवितां दोहोंवरून एकच हलका थर काढावा. दोन्ही व्यासांत ०.०४ मि. मी. चा फरक आला, तर तेवढ्या अंतरांत हत्यार ०.०२ मि. मी. बाजूस गेलें. पीळ काढल्यावर हा फरक नाहींसा झाला, तर दोष यंत्राचा नव्हता, बैठकीचा होता.

एवढें पाहून झाल्यावरच पैसे मोजावे. बेड सरळ असेल, तर कलंडलेल्या यंत्राचें मोडकें हँडल त्याच्याच चकांत कांतून घेतां येतें. बेड गेला असेल, तर वरचा रंग कितीही नवा असो, त्यावर कांतलेला दांडा निमुळता उतरतो, आणि ज्या घरीं तो बसतो, त्या घरचा पंप लौकरच पुनः कुरकुरूं लागतो.