नाताळची सुटी कोणाची?



इंग्रजांच्या नाताळावर एका कामगार कार्यकर्त्याने काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. तेथे चार्ल्स डिकन्सची १८४३ सालची ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही कथा वाचली, आणि हा विषय माझाच आहे हे कळले.

तिच्यातला बॉब क्रॅचिट हा गरीब कारकून. त्याला नाताळची एक दिवसाची पगारी सुटी देताना मालकाला आपला खिसा कापला गेल्यासारखे वाटते. सणासाठी आणलेला गूज, म्हणजे बदकासारखा मोठा पक्षी, बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून आणावा लागतो. पुडिंग शिजते ते कपडे उकळण्याच्या हंड्यात. तरी सारे कुटुंब एकत्र बसते आणि सण साजरा होतो. असा एक पक्षी मिळावा म्हणून गरीब माणसे दर आठवड्याला काही पेन्स ‘गूज क्लबा’त भरीत; आपल्या भिशीच्याच जातीची ही गोष्ट.

पण त्या भट्टीपाशी कोण राबत होते? बेकरीचा कामगार. श्रीमंतांच्या घरी मेजवानी वाढणाऱ्या मोलकरणीला स्वतःच्या आईची भेट घडायची ती दुसऱ्या दिवशी, ‘बॉक्सिंग डे’ला, तीही सुटी मिळाली तर.

१८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील मुलांना नाताळची पूर्ण सुटी दिली. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात २६ डिसेंबरची भर पडली. स्कॉटलंडात मात्र नाताळ सार्वजनिक सुटी झाला तो १९५८ साली! तोवर तेथे मुले मोज्यांतली खेळणी काढीत, तेव्हा अनेक बाप कामावर असत. पुढे मोठ्या दुकानांना या दिवशीही विक्रीचा मोह पडू लागला. दुकान-कामगारांच्या ‘उसडॉ’ संघटनेने चळवळ केली. २००४ साली इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने नाताळच्या दिवशी बंद ठेवण्याचा कायदा झाला. बॉक्सिंग डेला मात्र ती उघडता येतात. नोकरांच्या बक्षिसीचा दिवस आता विक्रीचा दिवस झाला आहे!

नाताळच्या जेवणाच्या टेबलावर कागदी ‘क्रॅकर’ असतो. दोघांनी दोन टोके ओढली की तो फट्दिशी फुटतो. दुसरा माणूस पाळीवर असेल, तर तो फुटणार कसा?

मंडळी, परंपरा जपायला माणूस घरी असावा लागतो. येत्या दिवाळीत आपल्याकडे दूध, वीज आणि बस वेळेवर येईल, तेव्हा ती आणणाऱ्याच्या घरी कोण जेवायचे थांबले आहे, एवढे मनात आणा.