प्रेरणा, उसनवारी आणि वाङ्मयचौर्य



‘अमक्याने तमक्याची कल्पना चोरली’ ही तक्रार वाङ्मयाइतकीच जुनी आहे. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचे प्रकार पाडून त्यांची बारकाईने छाननी केली होती. परंतु लेखणीवर ज्याचे पोट चालते त्याच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ काव्यशास्त्राचा नाही. तो श्रमाचा आणि श्रमाच्या मोबदल्याचाही आहे.

कल्पना ही भाकरीसारखी वस्तू नव्हे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. कल्पना दहा जणांनी वापरली तरी पहिल्याजवळ ती शाबूतच राहते. म्हणून तिला कुंपण घालणे समाजहिताचे नाही. दुष्काळ, स्थलांतर, आंतरजातीय विवाह या विषयांवर पहिल्या लेखकाने मालकी सांगितली तर पुढच्यांनी लिहावे तरी काय? मात्र त्या कल्पनेला पात्रे, प्रसंग आणि संवाद यांचे रूप देताना जे श्रम पडतात, ते ज्याचे त्याचेच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हीच रेषा आखली. आर. जी. आनंद यांनी 1953 मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंबे, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि आड येणारा प्रांताभिमान, असा त्याचा विषय. 1956 मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, तेव्हा आपले नाटक उचलले गेले असे म्हणून त्यांनी दावा लावला. तो ते खालपासून वरपर्यंत हरले. न्यायालयाने सांगितले की विषय, कल्पना किंवा कथानक यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर आणि आविष्कारावर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला ‘ही नक्कलच आहे’ असे निःसंशय वाटले, तरच तो भंग. चित्रपटात भाड्याच्या घरासाठी होणारी परवड आणि हुंड्याचा प्रश्न असे निराळे भागही होते. तरीही न्यायमूर्ती पाठक यांनी त्याच निकालात बजावले, की किरकोळ फेरफार करून दुसऱ्याचे लेखन खुशाल वापरता येते असा समज कोणी करून घेऊ नये.

कायद्याची ही रेषा योग्यच आहे. पण ती पुरेशी नाही. कायदा नक्कल ओळखतो, ऋण ओळखत नाही.

रशियन लेखक झाम्यातिन याने 1920-21 मध्ये ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. माणसांना नावांऐवजी क्रमांक, काचेची घरे, सर्वांवर एक ‘उपकारकर्ता’ आणि रोजनिशी लिहिता लिहिता बंडाकडे ओढला जाणारा नायक, असे तिचे जग. स्वदेशात ती 1988 पर्यंत प्रसिद्ध होऊ शकली नाही. लेखक 1937 मध्ये पॅरिसमध्ये वारला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’मध्येही रोजनिशी आहे, पहारा आहे, बंडाकडे नेणारे प्रेम आहे. आयझॅक डॉइचर या मार्क्सवादी अभ्यासकाने पुढे या उसनवारीबद्दल ऑर्वेलला धारेवर धरले. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. भाषाच आक्रसून विचार अशक्य करण्याची योजना आणि रोज नव्याने लिहिला जाणारा भूतकाळ ही ऑर्वेलची स्वतःची कमाई आहे. शिवाय जानेवारी 1946 मध्ये, म्हणजे ‘1984’ प्रसिद्ध होण्यापूर्वी सुमारे साडेतीन वर्षे, ब्रिटनमधील ‘ट्रिब्यून’ या समाजवादी साप्ताहिकात झाम्यातिनच्या कादंबरीची ओळख त्याने स्वतःच करून दिली होती. ज्या विहिरीचे पाणी प्यायले, तिची वाट त्याने बुजविली नाही.

प्रेरणा आणि चोरी यांमधला फरक इथेच आहे. घेतलेल्यात स्वतःचे श्रम किती घातले, आणि घेतल्याचे उघडपणे सांगितले की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावी लागतात. मराठीला हा धडा परका नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेवर स्वतंत्र प्रतिभेचे लेणे चढविले, आणि तरीही ग्रंथाच्या अखेरीस आपण व्यासांच्या मागावरून, भाष्यकारांना वाट विचारीत आलो असे नम्रपणे नमूद केले. त्याने त्यांची थोरवी कमी झाली नाही.

कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. एखादी ऊसतोड मजूर बाई आपले आयुष्य सांगते. त्यावर कोणी कथा लिहितो, कोणी पथनाट्य बसवितो. नाव लेखकाचे, मानधन लेखकाचे. तिचे काहीच लिखित नसल्याने कायद्याला इथे चोरी दिसत नाही. दोन लेखकांचा तंटा निदान न्यायालयात तरी जातो. हिची तक्रार कोठेच जात नाही. म्हणून तिची संमती घ्यावी, तिची इच्छा असल्यास नाव द्यावे, मानधनात वाटा द्यावा. श्रमाचे मोल श्रमिकाला मिळावे असे सभेत म्हणणाऱ्याने निदान आपल्या लेखणीपुरते तरी ते पाळावे.