चहा मांडतो, बसा!



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनिंगच्या फाटकावर पुष्कळ झाले. म्हणून विषयही फाटकावरचाच आणला आहे : माणूस माणसाला चहा कसा विचारतो?

इंग्लंडच्या उत्तर भागातील कामगार चहाला ‘ब्रू’ म्हणतो. डर्बीशायर, नॉटिंगहॅमकडे चहा ‘मॅश’ करतात. आमची मराठीही कमी नाही. मुंबईकर ‘कटिंग’ मागवतो, म्हणजे अर्धा चहा. कुठे चहा ‘टाकतात’, कुठे ‘ठेवतात’; आपल्या यवतमाळकडे तो ‘मांडतात’. ‘चहा घेणार का?’ असे विचारले की संकोची पाहुणा ‘नको’ म्हणून मोकळा होतो. ‘बसा ना भाऊ, चहा मांडतो,’ म्हटले की नकाराला जागाच उरत नाही. ‘चहा घेऊन जाजा’ हा तर प्रेमाचा हुकूमच!

परंतु शब्द गोड असले म्हणजे झाले काय? ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्यावर १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापायी बहिष्काराचे संकट आले आणि पुढे त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. हॉटेलात अस्पृश्यांची कपबशी वेगळी ठेवण्याची चाल मोडण्यासाठी १९५५ साली कायदा करावा लागला. चहा एकाच पातेल्यातला, भेद कपाचा!

एका जिनिंगमध्ये बोनसच्या बोलणीसाठी आम्ही दोन हमालांसह गेलो होतो. मालकांनी फर्माविले, ‘साहेबांना चहा आणा.’ आमच्यापुढे कपबशी आली. हमालांना सांगण्यात आले, ‘तुमचा बाहेर ठेवला आहे.’ आम्ही कपाला हात लावला नाही. बोलणी खोळंबली. तासाभराने तीन कप एकाच तबकात आले, तेव्हा कुठे कागद उघडले. बोनस मनासारखा मिळाला नाही. पण ते दोघे त्या दिवशी प्रथमच खुर्चीवर टेकून बसले आणि मालकांशी स्वतः बोलले.

संध्याकाळी त्यांतल्या एकाच्या घरी गेलो. तो ओशाळून म्हणाला, ‘दूध नाही भाऊ, कोरा चालन का?’ घरात कप दोनच. आधी आम्ही प्यालो, मग तेच कप विसळून घरच्यांनी घेतले.

सभेनंतर आपण घरी जाल. दारी मोलकरीण, हमाल, सफाई कामगार येतील. त्यांना चहा जरूर विचारा. फक्त कप कोणता काढता, तेवढे पाहा.